पुणे विद्यापीठात नवीन आलायस? मग हे आधी वाच

तुझा विभाग फिजिक्स असो की मराठी, पहिली सवय लाव ती नोटीस बोर्ड बघायची, आणि फक्त आपल्याच विभागाचा नाही, शेजारच्यांचाही. कारण बरीचशी व्याख्यानं सगळ्यांना खुली असतात पण सांगायला कोणी येत नाही.

आता खरा खजिना सांगतो. आयुका (खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचं आंतरविद्यापीठ केंद्र) आणि एनसीआरए (राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र) या दोन्ही संशोधन संस्था गणेशखिंडच्या कॅम्पसवरच आहेत, चालत जाता येतं, आणि तरी कित्येक पोरं डिग्री घेऊन जातात पण आत पाऊल टाकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आयुकाच्या चंद्रशेखर सभागृहातली जाहीर व्याख्यानं चुकवू नकोस. सायन्सवाला असशील तर दोघांच्या रेडिओ खगोलशास्त्राच्या विंटर स्कूलवर लक्ष ठेव, अर्ज आधीच मागवतात त्यामुळे सेमिस्टरच्या धावपळीत तारीख निसटते, म्हणून वेबसाईट मधेमधे चेक करत जा. आणि २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, जमलं तर नारायणगावजवळ खोडदला जा. जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना त्या परिसरात पसरल्या आहेत, फोटोत त्यांचा आकार कळतच नाही.

भाषा शिकायचीय? फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधे जर्मन, फ्रेंच, जपानीचे कोर्स असतात. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाचं कार्ड मात्र याच आठवड्यात काढून घे.

आणि व्याख्यानानंतर लगेच पळू नकोस रे, वक्त्याला जाऊन प्रश्न विचार, इंग्रजी अडलं तर मराठीत विचार, बरेच जण आनंदाने उत्तर देतात.