नगरसेविका झालात आणि रोटरीत येताय? आधी एवढं बघा

ताई, निवडून आल्यावर समाजसेवेसाठी रोटरी क्लब जॉइन करताय, मस्तच. समोरच्या पार्टीचे साहेबही त्याच क्लबात आहेत तर जमेल का म्हणून विचारलंत. जमतं हो, रक्तदान शिबिरात कट्टर विरोधक एकाच टेबलावर बघितलेत, एक फॉर्म भरतोय, दुसरा चहा-बिस्किटं वाटतोय.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- क्लबात पक्ष आणायचा नाही. रोटरी कुठल्याच उमेदवाराला पाठिंबा देत नाही, लायन्स या दुसऱ्या सेवा क्लबातही पक्षीय चर्चा चालत नाही. म्हणजे बॅनरवर क्लबाचं चिन्ह असलेलं चाक, तुमचा फोटो नाही. नवीन नेतेमंडळी सगळ्यात जास्त इथंच घसरतात, कार्यकर्ते परस्पर फ्लेक्स छापून आणतात आणि मग ग्रुपवर महाभारत, तेव्हा पोरांना आधीच दम देऊन ठेवा.
- मीटिंगला स्वतः या, पीएला पाठवू नका. उशिरा येऊन भाषण ठोकून निघायचं, हे तर नाहीच.
- वॉर्डाचा निधी वेगळा, क्लबाचा पैसा वेगळा.

पदाची घाई नको. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, पहिलं वर्ष खुर्च्या लावा, प्रकल्पांसाठीची ग्रँट-बिंट नंतर बघू. पोलिओच्या रविवारी मात्र बूथवर नक्की या, कुठल्या चाळीत कुणाकडे लहान बाळ आहे हे आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत.