लॅपटॉप मंदावलाय: १६ घालायचे की १००?

तुमचं पत्र थोडक्यात असं. घरात एकच लॅपटॉप, आठ वर्षांचा. चालू करून हाताशी यायला आठ-दहा मिनिटं लागतात, ब्राउझर उघडला की पंखा घोंगावतो, मुलीचा ऑनलाइन तास मध्येच गोठतो. एका दुरुस्तीवाल्याने एसएसडी (फिरत्या हार्ड डिस्कऐवजी बसवायची, चिपांवर चालणारी डिस्क), जादा रॅम (चालू कामापुरती लागणारी तात्पुरती मेमरी), साफसफाई आणि 'स्पीड वाढवणारं' एक सॉफ्टवेअर असं कोटेशन दिलं. दुसऱ्याने लॅपटॉप न उघडताच निकाल दिला, "आठ वर्षं झाली, आता टाका." घरातल्यांचा कल नव्याकडे आहे. गेल्या वर्षी बॅटरी आणि कीबोर्ड बदलला, तो खर्च पाण्यात जाणार म्हणून तुम्हाला रुखरुख आहे. आणि तुमचा प्रश्न एवढाच, की नव्यासाठी राखीव निधी मोडू की बारा बिनव्याजी हप्त्यांवर घेऊ?

पैसे कुठून काढायचे ते शेवटाकडे बघू, कारण मला वाटतं ते आत्ता काढावेच लागणार नाहीत.

आधी रुखरुखीचं मिटवू. बॅटरी-कीबोर्डचे पैसे गेले. नवा घेतलात तरी गेले, जुना ठेवलात तरी गेले. ते कुठल्याच पारड्यात टाकू नका. बॅटरी नवी आहे याचा उपयोग मात्र आहे: जुना आणखी दोन वर्षं ठेवायचा तर तेवढी एक गोष्ट बदलावी लागणार नाही. त्यातली वस्तू मोजा, पावती विसरा.

आता हिशेब. नव्या लॅपटॉपची किंमत १०० धरू. तुम्ही पाठवलेले आकडे त्या मापात बसवले तर एसएसडी ८, रॅम ५, साफसफाई आणि मजुरी ३, सॉफ्टवेअर २. एकूण १८. यातले सॉफ्टवेअरचे २ आत्ताच खोडा. लॅपटॉप 'वेगवान' करणारी ही सॉफ्टवेअरं स्वतःच पार्श्वभूमीत चालून रॅम खातात, आणि दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मागतात ते वेगळेच. जे खरोखर साफ करायचं असतं त्याची सोय विंडोजमध्ये आधीपासून आहे. राहिले १६.

नवा लॅपटॉप तुम्ही सात वर्षं वापराल असं धरलं तर वर्षाला साधारण १४ पडतात. म्हणजे १६ खर्चून जुना चौदा महिने नीट चालला तरी तुमचं नुकसान नाही. दोन वर्षं चालला तर १२-१३ वाचले. आकडा डोळे दिपवणारा नाही, मान्य. शिवाय नव्या यंत्राचं एक वर्ष आणि जुन्याचं एक वर्ष यांची बरोबरी होत नाही; नव्याचा पडदा चांगला, कॅमेरा चांगला, वजन कमी. पण तुमच्या पत्रात पडद्याची किंवा वजनाची तक्रार नाही. तक्रार फक्त वेगाची आहे, आणि वेगाचं कारण बहुधा त्या १६ मध्येच आहे.

इथे जरा थांबतो, कारण सगळा निर्णय यावर उभा आहे. 'लॅपटॉप म्हातारा झाला' असं आपण म्हणतो खरं, पण प्रोसेसर म्हातारा होऊन हळू विचार करू लागत नाही. आठ वर्षांपूर्वी तो सेकंदाला जितकं काम करायचा तितकंच आजही करू शकतो. वाढलंय ते काम. विंडोज फुगलं, वेबसाइटी जड झाल्या, आणि दर महिन्याला कुठलं ना कुठलं ॲप 'लॅपटॉपबरोबर मीही सुरू होईन' म्हणत रांगेत घुसलं.

तुमच्या यंत्रात ४ जीबी रॅम आहे आणि मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणारी हार्ड डिस्क. त्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवी ती माहिती कुठे आहे ते शोधायला तिचा काटा सरकवावा लागतो, मग तबकडी फिरून खाली यायची वाट बघावी लागते. अशा विखुरलेल्या वाचनांची संख्या सेकंदाला शंभराच्या आतच राहते. लॅपटॉप सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचल्या जातात. तुमची आठ-दहा मिनिटं तिथेच जातात. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तीच वाचनं सेकंदाला हजारोंच्या घरात होतात.

रॅमचं दुखणं याला जोडलेलंच आहे. ४ जीबी भरली की विंडोज उरलेलं ओझं हार्ड डिस्कवर उतरवतं आणि लागेल तसं परत वर चढवतं. म्हणजे ब्राउझरची दहावी टॅब तुम्ही त्याच संथ तबकडीवर उघडत असता. पंखा घोंगावतो त्याचं कारण वेगळं, बहुधा आठ वर्षांची धूळ. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. 'दहा मिनिटं बरा चालतो, मग ढेपाळतो' असं होत असेल तर धुळीवर संशय घ्या.

हे सगळं मी इथे बसून सांगतोय; खात्री तुम्ही फुकट करू शकता, आणि एकही पैसा देण्याआधी ती करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप सुरू झाल्यावर काहीही न उघडता बघा: डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलाय आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवांत आहे, तर दुखणं डिस्कचं. मेमरी ८०-९० च्या वर असेल तर रॅमचंही. उलट सीपीयूच सतत १०० वर असेल तर एसएसडी घालून फारसा फरक पडणार नाही. कोणता प्रोग्राम तो खातोय ते आधी शोधा, कारण नको असलेला एखादा पाहुणाही घुसलेला असू शकतो. तिथेच स्टार्टअपच्या यादीत जाऊन गरज नसलेलं सगळं बंद करा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. विंडोजचा स्वतःचा घरगुती वापराला पुरतो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर मोकळा करा. आणि एक गंमत: विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं तरी फास्ट स्टार्टअपच्या सोयीमुळे यंत्रणेचा काही भाग तसाच जपून ठेवला जातो. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'ने होते. तुम्ही रोज शट डाउन करत असाल आणि रीस्टार्ट महिनोन्‌महिने केलंच नसेल, तर आज एकदा करून बघा.

एवढ्यानेच काम भागलं तर १६ सुद्धा वाचले. पण ४ जीबी आणि फिरती डिस्क असताना पूर्ण भागेल असं मला वाटत नाही.

या सगळ्याच्याही आधी बॅकअप. आठ वर्षं फिरलेली डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही. तुम्ही लिहिलंय की फोटो आणि घरच्या हिशेबाच्या फायली 'लॅपटॉपमध्येच' आहेत. हे वाचून मला तुमच्या संथ लॅपटॉपपेक्षा जास्त काळजी वाटली. लॅपटॉप १०० देऊन परत मिळतो, दहा वर्षांचे फोटो कितीही देऊन मिळत नाहीत. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर, आजच करा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने डिस्कची तब्येत बघा. 'गुड' सोडून दुसरं काही दिसलं तर डिस्क बदलणं हा पर्याय राहत नाही, ते करावंच लागेल.

आता त्या लॅपटॉप न उघडणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे वळू. त्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, पण तो वयाचा नाही. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी मोफत सुरक्षा अद्यतनं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अद्यतनं ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. तुम्ही पाठवलेल्या स्टिकरच्या फोटोत आय५-८२५०यू असं दिसतंय. त्या '५' नंतरचा पहिला आकडा म्हणजे पिढी. तुमचा आठ आहे. थोडक्यात वाचलात! मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून एकदा खात्री करा; टीपीएम असूनही बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं असंही होतं. विंडोज १० वरून ११ वर जायला वेगळे पैसे पडत नाहीत.

तिथे सात असता तर माझं उत्तर बदललं असतं. मग १६ घालून विकत मिळाला असता तो वेगवान पण सुरक्षा अद्यतनांविना राहणारा लॅपटॉप, आणि त्यावर बँकेचे व्यवहार करा असं मी सांगितलं नसतं. त्या स्थितीत फक्त ८ ची एसएसडी घालून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत यंत्रणा) टाकायचं आणि लिहिण्या-वाचण्यापुरता वापरायचा, नाहीतर सरळ नव्याची तयारी करायची.

तर माझा कौल: टास्क मॅनेजरने डिस्क आणि रॅमवर बोट ठेवलं तर १६ घाला. पण मर्यादा आत्ताच ठरवा आणि कागदावर लिहा. माझ्या मते या वयाच्या लॅपटॉपवर इथून पुढे सगळं मिळून २५ च्या वर जायचं नाही. उद्या मदरबोर्ड गेला किंवा पडदा फुटला तर थांबायचं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊ द्यायचा नाही. तेव्हा 'आत्ताच तर १६ घातलेत' हा विचार मनात येईल. बॅटरी-कीबोर्डच्या वेळचाच तो विचार आहे, ओळखा. शिवाय एसएसडी काढून स्वस्तातल्या यूएसबी केसमध्ये बसवता येते, त्यामुळे ते ८ लॅपटॉपबरोबर पूर्ण बुडत नाहीत.

दुरुस्तीवाल्याला काम देण्याआधी चार गोष्टी विचारा. रॅमची खाच मोकळी आहे का, कारण काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते आणि वाढवायला जागा नसते. एसएसडी कुठल्या जोडणीची बसेल आणि तिची वॉरंटी किती वर्षांची. विंडोज नव्याने टाकण्याचे वेगळे पैसे लावले असतील तर कशाचे. तुमचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलली म्हणून तो नवा घ्यावा लागत नाही. आणि जुनी डिस्क परत मिळेल ना? तिच्यावर तुमचं सगळं घर आहे. ती हातात घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

एक सांगून टाकतो, कारण हा सल्ला देणाऱ्याचे हातही पोळलेले आहेत. काही वर्षांपूर्वी माझाही लॅपटॉप असाच रांगायला लागला. मी चिडून नवा आणला, आणि पैसे वाचवायच्या नादात सगळ्यात स्वस्त मॉडेल उचललं. आत तीच फिरती डिस्क, तेवढीच ४ जीबी रॅम. वर्षभरात तो जुन्याच्या रांगेत जाऊन बसला. शेवटी त्याला एसएसडी घातली. म्हणजे १०० ही दिले आणि ८ ही. तेव्हा पुढेमागे नवा घ्याल त्या वेळी एसएसडी असलेला आणि किमान १६ जीबी रॅमचा घ्या. रॅम डाखलेली असेल तर विशेषच, कारण नंतर हात घालता येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. राखीव निधी मोडू नका. नोकरी जाणं, आजारपण, यांच्यासाठी तो आहे. तीन वर्षं हळूहळू मंदावत आलेला लॅपटॉप ही अचानक ओढवलेली आपत्ती नव्हे. तुमची कमाई त्यावर चालत असती आणि तो आज बंद पडला असता, तर मीच म्हटलं असतं की काढा.

बिनव्याजी हप्त्यांचा हिशेब असा करा: रोख घेतला तर काही सूट आहे का, विचारा. समजा १०० च्या वस्तूवर ५ सूट आहे आणि हप्त्यांवर ती मिळत नाही. म्हणजे ९५ ची वस्तू तुम्ही बारा हप्त्यांत १०० ला घेताय. कर्ज दर महिन्याला घटत जातं, त्यामुळे हा खर्च वाटतो तसा ५ टक्के राहत नाही, वर्षाला साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी वर. सूटही नाही आणि शुल्कही नाही अशी योजना खरोखर असेल तर ती वाईट नाही, पण महिन्याला ८.३३ बांधले जातात.

त्यापेक्षा १६ या आणि पुढच्या महिन्याच्या खर्चातून काढा, आणि लॅपटॉपच्या नावाने महिन्याला ४ वेगळे टाकायला लागा. दोन वर्षांनी ९६ जमतील, हप्त्याच्या निम्म्या बोज्यात. वाचलेल्या १२-१३ पेक्षा मला यातलं हे जास्त मोलाचं वाटतं, की तेव्हा तुम्ही रोखीने, घाई नसताना, दोन-चार मॉडेलं बघून घ्याल. आत्ता मुलीचा तास गोठलाय म्हणून जे समोर येईल ते घ्याल.

आणि हो, तिचा प्रकल्प पंधरा दिवसांत सादर व्हायचाय असं तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंय. तोवर लॅपटॉप कोणाला उघडायला देऊ नका. बॅकअप आज, स्टार्टअपची साफसफाई आज, बाकी सगळं प्रकल्प गेल्यावर.