शिफ्ट सांभाळून एक्सेल शिकायचं तर

भावा, कुपवाड एमआयडीसीतली आठ तासांची शिफ्ट आणि वर एसटीचा प्रवास, यात रोज दोन तास अभ्यास होणार नाही, हे आधीच धरून चल. पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढं पुरे. एसटीत व्हिडिओ बघ, पण त्यानं हात बसत नाही, सराव घरीच.

क्लासची फी लगेच भरू नकोस. जुन्या लॅपटॉपवर एक्सेलसारखंच काम करणारं लिबर ऑफिस फुकट चालतं. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी.

आधी सॉर्ट, फिल्टर, समइफ (अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज), मग व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी माहिती शोधून आणणारं सूत्र), पिव्होट (मोठ्या तक्त्याचा गोषवारा) शेवटी. कंपनीची फाइल घरी आणू नकोस. हळदीच्या सौद्याचा दोनशे ओळींचा तक्ता स्वतः तयार कर: तारीख, व्यापारी, प्रत, पोती. दुसऱ्या शीटवर प्रतीनुसार दर, ते व्हीलुकअपनं पहिल्या तक्त्यात आण.

व्हीलुकअपमध्ये सगळे अडकतात. प्रत डोळ्यांना सारखी दिसते, तरी उत्तर 'एन/ए', म्हणजे सापडलं नाही, असं येतं. बहुतेक वेळा शब्दामागे एक रिकामी जागा राहिलेली असते, ती काढायला ट्रिम हे सूत्र लाव. प्रतीच्या नावाऐवजी कोड नंबर असेल आणि तो डावीकडे चिकटलेला दिसला, तर तो मजकूर म्हणून बसलाय. व्हॅल्यू या सूत्रानं त्याचा आकडा कर. व्हीलुकअपच्या कंसात चौथ्या जागी 'फॉल्स' (म्हणजे तंतोतंत जुळलं तरच घे) लिहायला विसरू नकोस. ते राहिलं तर यादी क्रमानं लावलेली आहे असं धरलं जातं आणि चुकीचा दर गुपचूप येऊन बसतो. ही चूक सगळ्यात वाईट, कारण ती दिसतच नाही. म्हणून दहा ओळी दर वेळी हातानं ताडून बघ.