बाग कुणी लावली, हे कुठल्या कागदात सापडतं?

प्रश्न : पुरंदर तालुक्यात आमची अंजिराची बाग आहे, आता चौथी पिढी ती पाहते. लागवड पणजोबांची की आजोबांची, यावर घरात एकमत नाही. बागेचा इतिहास लिहायला घेतलाय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आजच्या सातबाऱ्यापासून मागे जा. त्यावरच्या प्रत्येक फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांकाचा उतारा (गाव नमुना ६) काढा; जमीन वारसाने आली, वाटपात की खरेदीने, ते त्यात असतं. जुने हस्तलिखित उतारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून मिळतात, काही ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही सापडतील. कंस केलेली, म्हणजे कमी केलेली नावं वगळू नका, मागची पिढी बहुधा तिथेच असते.

बहुतेकांचा शोध अडतो तो नंबरापाशी. १९४७च्या तुकडेबंदी कायद्यानुसार गावात विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण झालं असेल, तर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट नंबर घेऊन त्याआधीचे कागद मागितले की ‘सापडत नाही’ असं उत्तर मिळतं किंवा भलत्याच शेताचा उतारा हाती येतो. म्हणून आधी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३)-९(४) उतारा घ्या. जुन्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला, ते त्यावरून जुळवता येतं.

तुमच्या वादाचं उत्तर मात्र मालकीच्या नोंदीत नाही. ते गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे पीक पाहणीत आहे. ‘अंजीर’ पहिल्यांदा ज्या वर्षी दिसेल, त्या वर्षापर्यंत लागवड झाली होती एवढंच धरा. मागच्या वर्षाची नोंद जशीच्या तशी पुढे उतरवल्याचीही उदाहरणं आहेत, त्यामुळे एकट्या नोंदीवर भिस्त नको. विहिरीची नोंद आणि विकास सोसायटीचा बोजा (कर्जाची नोंद) कधीचा, तेही ताडून पाहा. १९९० नंतरची वाढीव लागवड असेल तर रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेचे कागद घरात शोधा.

खोडाच्या घेरावरून वय ठरवू नका. अंजिराची छाटणी होत राहते, जुनं खोड गेलं तरी बुडातून नवे फुटवे येतात, आणि घरच्याच झाडाची गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं कलम) बांधून नांग्याही, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागाही, भरलेल्या असतात.

व्यवसायाचा खरा इतिहास आडत्याच्या पट्ट्यांत, म्हणजे माल विकून दिल्यावर तो देतो त्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांत आहे. तारीख, नग किंवा वजन, भाव, हमाली, तोलाई, आडत सगळं तिथे मिळतं. तारखेवरून बहारही (फळाचा हंगाम) कळतो : थंडीतला माल खट्टा बहाराचा, मार्च ते मेमधला मिठा बहाराचा. कुठल्या पिढीने खट्टा धरायला सुरुवात केली, हे यातूनच उलगडेल, आणि आमच्या मते इतिहासाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच.

प्रश्न : जुन्या पट्ट्या लॅमिनेट कराव्यात का?

उत्तर : अजिबात नको. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक कागद न फाटता निघत नाही. टाचण्या काढा, त्यांच्या गंजाने कागद कुजतो. प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंनी ३०० डीपीआयवर स्कॅन करा, मागच्या बाजूला बहुधा उचलीचा हिशेब असतो. मग वर्षवार लावून कोरड्या जागी, कागदी पाकिटांत ठेवा. वर्ष पाकिटावरच लिहा, पेन्सिलीने.