गाडीबिडी: सीएनजी घेऊ की पेट्रोल, आणि सासरे कुठे बसणार?

प्रश्न: नमस्कार दादा. आम्ही चिंचवडला राहतो, घरात मी, मिस्टर, सहा वर्षांची मुलगी आणि सासरे. पहिलीच गाडी घेतोय, ऑन रोड साडेसात लाखांच्या आत बसवायचंय. मिस्टरांचं ऑफिस हिंजवडीला, जाऊन-येऊन 26 किलोमीटर, पण आता आठवड्यातून तीनच दिवस जातात. दोन महिन्यांतून एकदा वाईला गावी चक्कर असते. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. वॅगनआर, सेलेरिओ आणि टियागो बघून आलोय, डोकं पार भंजाळलंय. सगळे म्हणतात डोळे झाकून सीएनजी घ्या. घेऊ का?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर: ताई, डोळे उघडेच ठेवा आणि एक कागद घ्या. गाडीचं ब्रोशर बाजूला राहू दे, आधी किलोमीटर लिहू. महिन्याचे 13 दिवस ऑफिस म्हणजे 338 किमी. वाईची चक्कर साधारण 210, ती दोन महिन्यांतून एकदा म्हणून महिन्याला 105 धरा. भाजी, शाळा, डॉक्टर, लग्नकार्य मिळून अजून 80. झाले सव्वापाचशेच्या आसपास, आपण 520 धरू.

आता पेट्रोल 104 रुपये लिटर धरा आणि सीएनजी 92 रुपये किलो, तुमच्याकडे एक-दोन रुपये इकडेतिकडे असतील तर तेवढं बदलून घ्या. वॅगनआर पेट्रोल वाकडच्या ट्रॅफिकमध्ये 17 देते असं समजू, सीएनजीवर किलोला 25. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला 6 रुपये 10 पैसे, सीएनजीवर 3 रुपये 70 पैसे, वाचले 2 रुपये 40 पैसे. ऐकायला मस्तच वाटतं, पण त्याच गाडीचं सीएनजी मॉडेल शोरूमच्या किमतीत साधारण 90 हजारांनी महाग असतं, आणि हे 90 हजार 2 रुपये 40 पैशांनी फेडायचे तर 37 हजार 500 किलोमीटर पळावं लागतं, तुमच्या 520 च्या हिशोबाने बरोबर सहा वर्षं! सीएनजीला रोड टॅक्स थोडा कमी लागतो हे खरं, पण लोनवर घेताय तर त्या 90 हजारांचं व्याजही भरताय, ते मी धरलंच नाहीये. त्यामुळे तुम्ही पेट्रोलच घ्या. तुमचे शेजारी रोज 60 किलोमीटर मारत असतील तर त्यांचा सल्ला त्यांच्यासाठी बरोबरच आहे हो, तो तुमच्या घरात लागू पडत नाही एवढंच.

हे मी मोठा शहाणा म्हणून सांगत नाहीये. 2016 ला मायलेजच्या नादात मी स्वतः डिझेल हॅचबॅक घेतली होती, 22-23 चं ॲव्हरेज मिळायचं आणि मी ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो. गाडी वर्षाला जेमतेम सहा हजार पळायची. विकली त्या दिवशी बायकोने हप्ते, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स सगळं मांडून दाखवलं, तर पेट्रोल गाडीच स्वस्त पडली असती. तेव्हापासून मी आधी समोरच्याला विचारतो, महिन्याला किती पळणार?

आता तीन गाड्यांचं. वॅगनआर 1.0 आणि सेलेरिओला इंजिन तेच, एक लिटरचं तीन सिलिंडर. सेलेरिओच्या काही व्हेरियंटचा कंपनीचा मायलेजचा आकडा 26 च्या वर जातो, वॅगनआर 1.0 चा 24-25, टियागो पेट्रोलचा 20 च्या आसपास. हा फरक शोरूममध्ये फार मोठा वाटतो. रस्त्यावर वॅगनआर 17 आणि टियागो साडेचौदा देते असं धरलं तर तुमच्या 520 किलोमीटरला टियागोला महिन्याला साधारण पाच-सव्वापाच लिटर जास्त लागेल, म्हणजे साडेपाचशे रुपये. चौघांनी एकदा मिसळ खाल्ली, वर ताक घेतलं की संपले. एवढ्यासाठी गाडी ठरवू नका.

मग ठरवायचं कशावर? तुमच्या घरात दोन गोष्टी आहेत, सासऱ्यांचे गुडघे आणि हायवेवर मागे बसलेली मुलगी. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गाडीकडे ओढतात, तिढा तिथेच आहे. वॅगनआरची सीट उंच, छप्पर उंच, दार मोठं. म्हातारं माणूस पाठ टेकवून खुर्चीत बसावं तसं बसतं, मग पाय आत घेतं, डोकं वाकवावं लागत नाही. टियागोत थोडं खाली उतरून बसावं लागतं. पण क्रॅश टेस्टचं बघाल तर ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या धडकवून सुरक्षिततेला पाचपैकी स्टार देणारी संस्था) टियागोला 2020 मध्ये 4 स्टार मिळाले होते आणि वॅगनआरला 2023 मध्ये 1. वॅगनआरला 2025 पासून सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला दिल्यात ही चांगलीच गोष्ट आहे, पण एअरबॅग वाढल्या म्हणून पत्रा बदलला असा अर्थ काढू नका.

मी असतो तर सासऱ्यांना घेऊन शोरूमला गेलो असतो, त्यांना टियागोत तीन वेळा बसवलं असतं आणि तीन वेळा उतरवलं असतं. एकदा नाही हं, तीनदा! पहिल्यांदा माणूस सेल्समनसमोर उत्साहात उतरतो, तिसऱ्यांदा दाराची कड धरतो की नाही ते बघा. कड न धरता उतरले तर टियागो पेट्रोल. धरली, किंवा तोंडातून "आई गं" निघालं, तर वॅगनआर, आणि मग हायवेला मागच्यांनीही बेल्ट लावायचा, 80 च्या वर जायचं नाही. सेलेरिओ वाईट नाहीये, पण तुमच्या दोन्ही गरजांत ती मधेच लटकते.

अजून एक, टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गल्लीत घेऊ नका. चौघं बसून, एसी लावून एखाद्या फ्लायओव्हरच्या चढावर घ्या, कारण वाईच्या वाटेवर खंबाटकी घाट लागतो. एक लिटरचं इंजिन भरल्या गाडीने घाटात दमतं, गिअर खाली टाकून मुकाट्याने उजवी लेन सोडायची सवय लावून घ्यावी लागते. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे एखाद्या नातेवाइकाने जुन्या भावावरून बजेट काढून दिलं असेल तर नवीन कोटेशन मागा.

प्रश्न: मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, रोज अंधेरीला जाऊन-येऊन 60 किमी. महिन्याला 25 दिवस. सीएनजी घ्यायची हे ठरलंय, पण कंपनी फिटेड घेऊ की पेट्रोल गाडी घेऊन बाहेरून किट बसवू? स्वस्त पडतं म्हणतात.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: तुमचं ठरलंय ते बरोबर ठरलंय. वरचाच हिशोब लावा, महिन्याला 1500 किमी म्हणजे 3600 रुपये वाचले, 90 हजार दोन वर्षांत वसूल. नवीन गाडी घेताय तर कंपनी फिटेडच घ्या. बाहेरून किट बसवलं की इंजिनच्या वॉरंटीचा घोळ होतो, आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, इन्शुरन्सला कळवावं लागतं, आणि हे सगळं "आपण करून देतो साहेब" म्हणणारा नंतर फोन उचलत नाही.

पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगतो. सिलिंडर 60 लिटरचा लिहिलेला असला तरी ते पाण्याचं माप, गॅस आत जातो आठ किलोच्या आसपास. म्हणजे 200 किलोमीटर, तुमचे तीन दिवस. दर तीन दिवसांनी रांग! संध्याकाळी रिक्षांच्या मागे लागाल तर अर्धा-पाऊण तास गेला, आणि पंपावर प्रेशर कमी असेल तर आठाऐवजी सहाच किलो भरून हातात पावती. तुमच्या वाटेवर सकाळी सातच्या आत मोकळा मिळणारा पंप कुठला ते गाडी बुक करायच्या आधी आठवडाभर बघून ठेवा. दुसरं म्हणजे डिक्की. एकच मोठा सिलिंडर असेल तर तिथे छत्री आणि पिशवी राहते. टियागो आणि ग्रँड आय10 निऑसला दोन छोटे सिलिंडर खाली आडवे बसवलेले मिळतात, डिक्की बऱ्यापैकी वापरता येते. टियागोला तर सीएनजीत एएमटीही (क्लच न दाबता चालणारी ऑटोमॅटिक) मिळते, घोडबंदरच्या ट्रॅफिकला डाव्या पायाचे आशीर्वाद मिळतील. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करायची असते, तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. आणि पेट्रोलची टाकी ठणठणीत कोरडी ठेवू नका, आठवड्यातून थोडी पेट्रोलवर चालवत जा.

प्रश्न: कंपनी म्हणते 24, मला गाडी 14 देते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात चालवण्याची पद्धत. ही फसवणूक नाही का?
(एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: चिडणं साहजिक आहे, पण तो 24 चा आकडा कुठून येतो ते ऐका. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, गाड्या तपासणारी 1966 पासूनची संस्था, तिच्या नावाने सगळे या आकड्याला ओळखतात. टेस्टमध्ये गाडी रस्त्यावर जातच नाही. रोलरवर उभी करून ठरलेल्या वेगाने पळवतात, वीस मिनिटांचा खेळ, कमाल वेग 90. खड्डा नाही, जालना रोडचा सिग्नल नाही, मागे तीन माणसं नाहीत, एसी बंद. त्यामुळे दोन गाड्यांची आपापसात तुलना करायला तो आकडा चांगला, आपल्या खिशाचा हिशोब करायला नाही. खिशासाठी शहरात त्यातून तीस टक्के वजा करा, बहुतेक वेळा जवळपास बसतं.

तुमचं मात्र तीस टक्क्यांच्याही खाली गेलंय, म्हणून आधी 14 हा आकडा कसा काढलात ते सांगा. स्क्रीनवरचा असेल तर सोडून द्या. नोजल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरा, पंपावरचा मुलगा "राउंड फिगर करू का साहेब" म्हणाला तर नको म्हणा, सगळी चूक तिथेच होते. ट्रिप मीटर शून्य करा, 400 किमी चालवा, पुन्हा त्याच पंपावर, त्याच नोजलवर, कट होईपर्यंत भरा. समजा 412 किमी झाले आणि 23.8 लिटर बसलं, तर 17.3. असं तीनदा काढा, मग भांडायला जा.

तरी 14 च आलं तर आधी हवा बघा. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतं त्यावर आकडा लिहिलेला असतो, थंड टायरला तेवढीच. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायला सांगा, ब्रेक चिकटत असेल तर लगेच कळतं. एअर फिल्टर बघा. रोजची धाव दोन-तीन किलोमीटरचीच असेल तर इंजिन गरम होईपर्यंत तुम्ही पोहोचलेले असता, मग 14 म्हणजे काही वाईट नाही. आणि हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणजे निव्वळ गणिताने सहा-सात टक्के तिथे जाऊ शकतात, गाडी जुनी असेल तर ते जास्त जाणवतं. त्यातलं थोडंफार आपल्याच उसाचं आहे म्हणून गोड मानून घ्यायचं, दुसरं काय.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, वय 52, आत्ता ड्रायव्हिंग शिकले. यवतेश्वर घाटातून रोज शाळेत जायचं आहे. चढावर गाडी मागे येते म्हणून घाम फुटतो. ऑटोमॅटिक घेतली तर मायलेज कमी मिळतं का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: बाई, बिनधास्त घ्या. छोट्या गाड्यांत जी स्वस्तातली ऑटोमॅटिक मिळते ती एएमटी, आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच-गिअरचं काम फक्त मशीन करतं, म्हणून मायलेज जात नाही. वॅगनआर 1.0 चा कंपनीचा आकडा मॅन्युअलला 24.35 आणि एएमटीला 25.19 आहे, म्हणजे उलट जास्तच.

गिअर बदलताना मान जराशी पुढे जाते, त्याची सवय होते. पण एक सवय लावू नका: चढावर थांबलात की गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, क्लच जळतो आणि वासाने आधी कळतं, बिलाने नंतर. ब्रेक दाबून ठेवा, जास्त वेळ असेल तर हँडब्रेक. व्हेरियंट निवडताना हिल होल्ड आहे का ते विचारा, ब्रेकवरचा पाय उचलल्यावर ते गाडीला दोन-एक सेकंद धरून ठेवतं, तेवढ्यात पाय ॲक्सिलरेटरवर पोहोचतो. म्युझिक सिस्टिमचा मोठा स्क्रीन नको असेल तर नका घेऊ, हे मात्र सोडू नका. उतरताना मॅन्युअल मोडला टाकून दुसरा गिअर, नाहीतर खाली येईपर्यंत ब्रेक तापतात. पावसाळ्यात त्या घाटातलं धुकं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय, त्यावर मी काय बोलणार.

प्रश्न: काळ्या गाडीत एसी जास्त लागतो, मायलेज कमी होतं असं भाऊ म्हणतो. खरं का? बायकोला मरून हवी आहे, मला पांढरी.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: उन्हात उभी केलेली गडद गाडी जास्त तापते हे खरं. पण दारं उघडून मिनिटभर गरम हवा जाऊ दिली, काचा खाली ठेवून चार पावलं चालवली आणि मग एसी लावला, तर पेट्रोलमधला फरक तुम्हाला वहीत दिसणारसुद्धा नाही. भावाला सांगा सावलीत लाव. आणि मरून बुक करा.