सुनेने तक्रार मागे घेतली, तर मुलाचा व्हिसा वाचेल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. मुलगा न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतो, सून एच-फोरवर, म्हणजे त्याची पत्नी म्हणून मिळालेल्या व्हिसावर आहे. गेल्या महिन्यात दोघांचं भांडण झालं, त्याने तिचा हात पिरगळला. तिने ९११ला फोन केला आणि पोलीस त्याला बेड्या घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तो सुटला, पण घरी जायला मनाई आहे, म्हणून मित्राकडे राहतो. सून म्हणते, मला केस करायचीच नव्हती. तिने तक्रार मागे घेतली तर प्रकरण मिटेल ना? तिची सासू तिला फोन करून समजावणार आहे. मुलाचा वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. व्हिसाला धोका आहे का? आम्ही तिकडे जावं का?

उत्तर : काका, सगळ्यात आधी काकूंना तो फोन करू देऊ नका. व्हॉट्सॲपवर नको, विहिणीमार्फत निरोपही नको. अशा मनाई हुकमात बहुधा लिहिलेलंच असतं की त्याने स्वतः किंवा दुसऱ्या कुणामार्फत तिच्याशी संपर्क साधायचा नाही. साताऱ्याहून गेलेला फोन त्याच्या सांगण्यावरून केला असं दिसलं, तर हुकूम मोडल्याचा वेगळा गुन्हा त्याच्यावर लागेल. त्यातलं आणखी गंभीर म्हणजे, तिच्या संरक्षणासाठी घातलेली अट त्याने मोडली असा निष्कर्ष न्यायालयाने काढला, तर मूळ मारहाणीत शिक्षा झालेली नसतानाही तेवढ्यावरून त्याला देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते.

आता तक्रारीचं. अंगावर इजेची खूण दिसली की अटक करणं न्यू जर्सीत पोलिसांना कायद्याने भाग आहे, बाई नको म्हणाली तरी. पुढे खटला चालतो तो राज्य विरुद्ध तुमचा मुलगा असा. सून त्यात साक्षीदार. ती नको म्हणाली म्हणून सरकारी वकिलाने खटला सोडलाच पाहिजे असं नाही. तिचं म्हणणं तो विचारात घेईल, इतकंच. मनाई हुकमाचं प्रकरण वेगळं आहे. ते कौटुंबिक न्यायालयात चालतं आणि ते मागे घ्यायचा अर्ज ती करू शकते. पण न्यायाधीश तिला समोर बसवून विचारतात, तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का? तिथे तिने सासूच्या फोनचा उल्लेख केला तर काय होईल, याचा विचार करा. पहिला हुकूम तात्पुरता असतो. तो कायम झाला, तर न्यू जर्सीत त्याला संपण्याची तारीख नसते.

तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती ‘कबूल कर आणि मोकळा हो’ या सल्ल्याची. फौजदारी वकील चांगला असला, तरी त्याची नजर तुरुंग टाळण्याकडे असते. स्थलांतराच्या (इमिग्रेशनच्या) कायद्याचा हिशेब निराळा आहे. १९९६ सालापासून त्या कायद्यात दोषसिद्धीची व्याख्या फार रुंद आहे : आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने कसलीही शिक्षा किंवा बंधन घातलं, की झाली दोषसिद्धी. पुढे वर्षभर नीट वागल्यावर राज्याच्या न्यायालयाने प्रकरण काढून टाकलं, नोंदही पुसली, तरी स्थलांतर खात्याच्या लेखी ती बहुतेक वेळा तशीच राहते. शिवाय कौटुंबिक हिंसेच्या गुन्ह्यावरून हद्दपार करायला ‘देशात आल्यापासून इतक्या वर्षांत’ अशी मुदत नाही. ग्रीन कार्ड मिळून पंधरा वर्षं झाली असली तरी ती कारवाई होऊ शकते.

म्हणून कोणत्या कलमाच्या कोणत्या पोटभागाखाली कबुली द्यायची, याला फार महत्त्व आहे. त्याच भांडणाबद्दल जाणूनबुजून इजा केल्याची कबुली एक परिणाम घडवते, बेफिकिरीने वागल्याची दुसरा. गोंगाट केल्यासारख्या स्थानिक नियमभंगावर मिटलं तर तिसराच. सरकारी वकील काय मान्य करेल ते पुरावा पाहून ठरेल, पण विचारायला तर हवं.

होजे पाडिया नावाच्या माणसाचा खटला इथे सांगते. मूळचा होंडुरासचा, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेला, चाळीस वर्षं कायदेशीर रहिवासी. ट्रकमध्ये गांजा सापडला. वकील म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, हद्दपारीची चिंता करू नकोस. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीमुळे हद्दपारी जवळपास अटळ झाली. २०१० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की नागरिक नसलेल्या अशिलाला कबुलीआधी हद्दपारीचा धोका सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तेव्हा मुलाने वकिलाला लेखी विचारावं : या कबुलीचा माझ्या स्थलांतरावर काय परिणाम होईल? उत्तर गुळमुळीत आलं तर स्थलांतराचा वकील गाठावा आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं घडवून आणावं. तोवर न्यायालयात तारीख वाढवून मागता येते.

नुसत्या अटकेने त्याचा एच-वन-बी दर्जा, म्हणजे तिथे राहून काम करण्याची परवानगी, संपत नाही. मात्र पासपोर्टवरचा व्हिसा अटकेच्या नोंदीवरूनही रद्द होऊ शकतो. तसं झालं तरी तेवढ्यावरून अमेरिकेतला मुक्काम सहसा लगेच बेकायदा ठरत नाही. पण एकदा देश सोडला की परतायला नवा व्हिसा लागतो, आणि तिथे मुलाखतीत सगळं निघतं. म्हणजे यंदा गणपतीला त्याला बोलावू नका. कंपनीने काढून टाकलं, तर नवी नोकरी शोधायला किंवा दुसरा मार्ग काढायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, हेही त्याला माहीत हवं.

पुढे प्रत्येक अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ हा प्रश्न येणार. निर्दोष सुटला तरी उत्तर ‘हो’ असंच द्यायचं. खोटं उत्तर मूळ गुन्ह्यापेक्षा महाग पडतं. निकाल लागला की न्यायालयाकडून त्याची प्रमाणित प्रत लगेच घ्यावी, नोंद पुसण्याचा अर्ज त्यानंतर करावा. नोंद पुसल्यावर कागद मिळवणं अवघड होतं आणि स्थलांतर खातं तोच कागद मागतं.

काका, सुनेबद्दलही बोलायलाच हवं. ती त्याच्या व्हिसावर आहे. त्याचा दर्जा गेला की तिचाही जातो, आणि तरीही तिने फोन केला. म्हणजे त्या रात्री ती किती घाबरली असेल! तिचा वकील वेगळा असायला हवा, मुलाने नेमलेला नव्हे. कौटुंबिक हिंसेच्या पीडितांसाठी तिथे संस्था आहेत, विनामूल्य कायदेशीर मदतही मिळते. पोलिसांना तपासात सहकार्य करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा नावाची सोय आहे. वर्षाला १०,००० अशी मर्यादा असल्याने रांग मोठी आहे, पण हा मार्ग आहे हे तिला तिच्या वकिलाकडून कळावं.

तुम्हा दोघांचा व्हिसा असेल तर जायला हरकत नाही. विमानतळावर कारण विचारलं तर खरं ते सांगा. उतरा मुलगा आता राहतो तिथे किंवा नातेवाइकांकडे, सून राहते त्या घरी नको. सुनेला भेटायची इच्छा असेल, तर दोन्ही वकिलांना आधी विचारा आणि ती हो म्हणाली तरच भेटा. त्या भेटीत मुलाचा एकही निरोप नेऊ नका.