वडील ७४ वर्षांचे आहेत, समुपदेशनाची फी मी भरतो. ते आत काय बोलतात हे मला विचारता येईल का?

विचारता येईल, पण वडिलांनी हो म्हटल्याशिवाय मानसशास्त्रज्ञ सांगणार नाहीत, आणि सांगूही नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयतेचा हक्क रुग्णाचा आहे, फी भरणाऱ्याचा नाही. वय झालं, विसरायला होतं, अगदी डिमेन्शियाचं निदान झालं, तरी तेवढ्यावरून निर्णयक्षमता गेली असं धरता येत नाही. माहिती कळते का, परिणाम उमगतात का, निर्णय बोलून किंवा खुणेने सांगता येतो का, हे बघावं लागतं.

मी ज्येष्ठांसोबतच काम करते. ‘झोप लागते का?’ हा प्रश्न आजोबांना असतो आणि उत्तर मुलगा देतो. तो बाहेर गेला की मग हळूच घर कुणाच्या नावावर करायचं, हा विषय निघतो. आपलं बोलणं घरी पोचतंय अशी नुसती शंका आली, तरी पुढच्या वेळी ते गुडघेदुखीपलीकडे काही बोलत नाहीत. म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

अपवाद आहेत: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, कोर्टाचा आदेश. वडिलांनी तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत मदत करायला रुग्णाने स्वतः निवडलेली व्यक्ती, म्हणून नेमलं असेल, तर त्या जबाबदारीपुरती माहिती मिळते.

तुम्ही मात्र वडिलांना सांगून औषधं, पडणं, जेवण याबद्दल तज्ज्ञांना जरूर कळवा. शेवटची दहा मिनिटं तिघांनी बसायचं का, हेही वडिलांनाच विचारा.